मुराळ्यासाठी घेतलेली गाडी

गाडीवर मांजर बसलेली दिसली की हल्ली मी तिला हाकलत नाही. कंटाळा येतो. जळगावच्या उन्हात ऑफिसातून परत यावं, हातात भाजीची पिशवी असावी, जिना चढायचा बाकी असावा, आणि आमच्या गाडीच्या टपावर ती निवांत पसरलेली असावी. मी तिच्याकडे बघते, ती माझ्याकडे बघते, आणि मी वर निघून जाते. रंगावर ओरखडे पडतात म्हणून नवरा कुरकुरतो. पडोत. मांजरींशी लढणारं एक माणूस मी धुळ्याला काही वर्षं रोज पाहिलं आहे, आणि त्या लढाईत माझाही पुष्कळ घाम गेला आहे. माझ्या वाट्याच्या मांजरी हाकलून झाल्या.

ते माणूस म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. देवपुरातली ती सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाडेकरू. उंच, सडसडीत बाई. दवाखाना सुटला तरी पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट सुटले नव्हते. लग्नालासुद्धा जरीच्या पातळावर तेच. बोलायच्या तुमच्या-आमच्यासारखं, पण राग आला किंवा जीव भरून आला की सरळ अहिराणीत शिरायच्या.

अक्कांना निमित्त सांगायची सोय नव्हती. आमच्याकडे तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणत नाही. ‘येतो ना’ म्हणायचं आणि मग आयत्या वेळी काहीतरी निमित्त सांगायचं. ऐकणाऱ्यानंही ‘हो का, असू द्या’ म्हणायचं. दोघांनाही ठाऊक असतं, दोघांचीही अब्रू राहते. अक्कांना ही रीत कुणी शिकवलीच नव्हती की काय कोण जाणे. कुणी निमित्त सांगितलं की ती खरीखुरी अडचण आहे असं धरून त्या ती दूर करायला निघायच्या.

भांडीवाली म्हणाली, सकाळी जाग येत नाही. अक्कांनी तिला गजराचं घड्याळ आणून दिलं, तेही रंगीत कागदात गुंडाळून. बाई दोन-चार दिवस वेळेवर आली आणि काम सोडून गेली. दूधवाला म्हणाला, म्हैस नीट खात नाही म्हणून दूध पातळ येतं. दुसऱ्या दिवशी अक्का सरकीची पेंड घेऊन त्याच्या गोठ्यात हजर. मी स्वतः एकदा भजन टाळायला म्हटलं, ‘अक्का, माझ्या पोळ्या व्हायच्यात अजून.’ त्या वर आल्या, हात धुतले, माझ्या देखत सगळ्या पोळ्या लाटून-भाजून मोकळ्या झाल्या आणि मला भजनाला घेऊन गेल्या. त्या दिवशीचं भजन काही केल्या संपेना.

गाडीसुद्धा अशीच आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या आणि आमरस खातात, आणि चार दिवस कुणाचं ऐकत नाहीत. पण सासरी गेलेल्या लेकीनं आपली आपण पिशवी उचलून निघायचं नसतं. माहेरचं कुणीतरी न्यायला यायचं, बहुतेक भाऊच. तो मुराळी. हल्ली हे कोण पाळतं? माझा भाऊ पाचोऱ्याहून फोन करतो, ‘ताई, येतेस का? दुपारची बस आहे बघ.’ अंगात त्राण असलं तर जाते, नसलं तर तिथल्या उकाड्याचं निमित्त सांगते, जसं काही आमच्याकडे बर्फच पडतो. पण अक्कांचं तसं नव्हतं. त्या म्हणायच्या, ‘पाय आहेत, जाता येतं गं. पण आपल्या पायानं गेलं तर पाहुणी होते. भाऊ न्यायला आला तर लेक होते.’

त्यांचं माहेर एरंडोलकडच्या एका खेड्यात. धाकटा भाऊ शेती करायचा. त्याला त्या बापू म्हणायच्या. आई होती तोवर बापू दर आखाजीला यायचे. आई गेल्यावर एखाद-दोनदा आले आणि मग नुसता फोन यायला लागला. एका वर्षी ट्रॅक्टर बिघडला. एका वर्षी भाऊबंदात कुणी वारलं. पुढच्या वर्षी बापू म्हणाले, ‘येष्टीले भलती गर्दी शे अक्का, तुले उभं राहता येवाव नही. घरनी गाडी राहती तर मी आजच येतू.’

दुसरी कुणी असती तर ‘हो रे बाबा, असू दे’ म्हणाली असती आणि फोन ठेवून रडली असती. अक्कांनी गाडी घेतली. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांची जुनी, पांढरी, छोटी गाडी. ती अंगणात पत्र्याखाली उभी राहिली त्याच दिवशी त्यांनी फोन लावला. मी तिथेच होते. ‘बापू, गाडी लिधी मी. आते ये.’ पलीकडून बापू म्हणाले, ‘येस ना, येस ना.’ म्हणजे तेच, येतो ना. त्या आखाजीला त्यांची कंबर धरली. अक्कांनी कुणाच्या तरी हाती मालिशचं तेल पाठवलं.

अक्कांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. दर रविवारी गल्लीतले एक रिक्षावाले येऊन ती सुरू करायचे, आग्रा रोडपर्यंत एक चक्कर मारून आणायचे, म्हणजे बॅटरी उतरत नाही. अक्का बरोबर बसायच्या नाहीत. ‘बसेन ती माहेरी जायलाच,’ म्हणायच्या. तोवर गाडी नवरीसारखी जपायची, एवढंच त्यांना ठाऊक.

आणि गाडी आली तशी मांजरींना बातमी लागली. धुळ्याची थंडी हाडात शिरते. तेव्हा रविवारी फिरून आलेल्या गाडीचं गरम बोनेट. उन्हाळ्यात गाडीखालची सावली. पावसाळ्यात पत्र्याखालचा कोरडा टप. मांजरीनं याहून जास्त काय मागावं? एक जाडजूड बोका रोज सकाळी यायचा, टपावर चढायचा, चारी बाजूंना एकेकदा बघायचा आणि निघून जायचा. अक्कांनी त्याला सिव्हिल सर्जन नाव दिलं होतं. खालून हाक यायची, ‘अगं, सिव्हिल सर्जन राउंडला आले, ऊठ!’ आणि मी कणकेच्या हातानं जिना उतरायची. एक ठिपक्याठिपक्यांची करडी मांजर होती, ती एकदा बसली की उठायची नाही. ती रजेवरची सिस्टर.

उपाय म्हणाल तर अक्कांनी कुठलाच सोडला नाही. आधी कापडी कव्हर घातलं. मांजरींना आयती गादी मिळाली. मग कुंकू कालवलेल्या लाल पाण्याच्या बाटल्या चारी चाकांशी ठेवल्या, लोक कुत्र्यांसाठी ठेवतात तशा. रजेवरची सिस्टर त्यांना मान घासायची. मग जुन्या मोज्यांत डांबरगोळ्या भरून त्या आरशांना बांधल्या. मांजरी जागच्या हलल्या नाहीत आणि गाडीला कपड्यांच्या ट्रंकेसारखा वास यायला लागला. मग टपावर लाल तिखट टाकलं. फेब्रुवारीतलं वारं सुटलं होतं, ते तिखट आमच्या खिडकीतून आत आलं आणि दिवसभर आम्ही घरभर शिंकत होतो. शेवटी कुणाच्या तरी शेतातून पऱ्हाट्या आणवल्या, कपाशी वेचून झाल्यावर उरतात ती वाळकी झाडं, आणि त्यांचं टोचरं कुंपण गाडीभोवती रचलं. मांजरी त्यातून अशा जायच्या की पऱ्हाटी हलायची नाही. माझी मात्र चांगली साडी त्यात फाटली. उरली ती जुनी छत्री. ती घेऊन अक्का ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या, आणि मध्येच उठून गाडीच्या पत्र्याला न लावता हवेत फटके मारायच्या.

मारलं मात्र कुठल्या मांजरीला कधी नाही. ओरडायच्या, पाय आपटायच्या, एवढंच.

मी एकदा म्हटलं, ‘अक्का, बसू दे ना. धुतली की जातात पाय.’ त्या म्हणाल्या, ‘आणि धुवायच्या आत बापू आला तर? माहेरच्या दारात गाडी उभी राहील अन् टपावर मांजरीचे पाय? भावजय काय म्हणेल? अक्काच्या घरात माणसं नाहीत, मांजरी नांदतात.’ खोटं थोडंच होतं ते.

दुसऱ्यांदा तोंड उघडलं ते मात्र मला महागात पडलं. ती आखाजी अशीच गेली होती. बापूंच्या शेतात बोअरचं काम निघालं होतं. संध्याकाळी अक्का ओट्यावर बसल्या होत्या, नवं पातळ नेसून. मला ते बघवेना. मी म्हटलं, ‘गाडी आहे, रिक्षावाले दादा आहेत, पारोळ्यावरून दोन तासांचा रस्ता. तुमचं तुम्ही का जात नाही? कुणी हाकलून देणार आहे का?’ अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्या गाडीवर चढून बसले आहे. ‘तुले समजाव नही,’ म्हणाल्या आणि आत गेल्या. कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सिव्हिल सर्जन आले की हाक न मारता छत्रीनं जिन्याचा कठडा बडवायच्या, तेवढाच निरोप. मीही मग उतरून गुपचूप मांजर हाकलायची. भाडेकरूनं करायच्या कामांत हे कुठं बसतं, असं नवरा विचारायचा. मलाही ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या थंडीत बापूंचा मुलगा कसल्यातरी कामासाठी धुळ्याला आला आणि आत्याकडे जेवायला थांबला. नम्र, केस चोपडून बसवलेला. जेवून झाल्यावर तो गाडीभोवती दोन-तीनदा फिरला, आत डोकावला, टायर दाबून पाहिले, मोबाइलवर फोटो काढले. ‘आत्या, काय ठेवली शे गाडी! एक ओरखडा नही,’ म्हणाला. अक्कांचं तोंड असं फुललं की बस. त्या दिवशी रजेवरच्या सिस्टरलाही पोळीचा तुकडा मिळाला.

आणि चैत्र संपता संपता बापूंचा फोन आला. ‘अक्का, आखाजीले येस तुले लेवाले.’

अक्का ते सांगायला स्वतः जिना चढून आल्या. छातीशी हात धरून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बापू येस म्हणे.’ एवढंच. मी त्यांना आत बसवलं. मला त्यांची भीती वाटत होती, इतका आनंद त्या वयात सोसवतो का म्हणून.

मग काय, गाडी धुतली, पुसली. पऱ्हाट्यांचं कुंपण काढलं. मोज्यांतल्या डांबरगोळ्या सोडल्या. मागच्या सीटवर नवा कोरा टॉवेल अंथरला. उन्हानं आतलं तापू नये आणि डांबरगोळ्यांचा वासही जावा म्हणून काच चार बोटं उतरवून ठेवली. चार बोटंच, पण मांजरीला चार बोटं पुष्कळ होतात. हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

बापू आखाजीच्या आदल्या दिवशी, उन्हं चढायला लागली तेव्हा आले. डोक्यावर टोपी, खांद्यावर रुमाल, घामानं थबथबलेले. अक्कांचंच नाक. अक्कांनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. इतक्या वर्षांचं बोलायचं होतं, आणि त्यांच्या तोंडून नुसतं ‘ये’ निघालं. त्यांची पिशवी कधीची भरून दाराशी होती. रिक्षावाले दादा किल्ली घेऊन आले, त्यांनी पिशवी ठेवायला मागचं दार उघडलं आणि तसेच थांबले. ‘अक्का,’ ते म्हणाले, ‘जरा इकडं या.’

नव्या टॉवेलवर रजेवरची सिस्टर आडवी पडली होती. पोटाशी तीन पिल्लं, अजून ओली.

मी अक्कांच्या हातातल्या छत्रीकडे पाहिलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. अक्कांनी छत्री माझ्याकडे दिली, चष्मा वर सारला आणि वाकून पाहिलं. पाठीत, मानेत, एकदम दवाखाना आला त्यांच्या. ‘तिन्ही चांगला शेत,’ म्हणाल्या आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

बापू म्हणाले, ‘टोपलामा ठेव ना त्यासले. आपुन निंघूत.’

‘बायतीन शे ती. आजना दिन उठाडता येवाव नही.’ बाळंतीण उठवायची नाही, हा अक्कांच्या वॉर्डाचा नियम.

‘मांजर शे ती, अक्का!’

‘हां. पन बायतीन शे.’

बापूंनी कपाळाचा घाम पुसला. गाडीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते फाटकापाशी जाऊन हळू आवाजात बोलून आले आणि म्हणाले, ‘मंग असं कर. तू राहू दे आते. चार दिनमा पोरगा येई, गाडी बी लई जाई, तुले बी.’

आधी गाडी, मग अक्का. मी ते ऐकलं. अक्कांनीही ऐकलं असेल, कान काही वाईट नव्हते त्यांचे. पण त्या म्हणाल्या, ‘तू कसावर उना?’

‘येष्टीवर.’

‘मंग येष्टीवर जाऊत. गर्दी राहिनी तर मी उभी राहसू.’

दादांनी आपली रिक्षा काढली. अक्का भावाशेजारी बसल्या. बसता बसता त्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि मग सोडलंच नाही. रिक्षा वळेपर्यंत मी पाहत होते. म्हातारी बाई, पायात पांढरे बूट, आणि बसण्याची ऐट मात्र एखाद्या नव्या सासुरवाशिणीची. मला रडू आलं. आनंदाचंच, पण थोडं स्वतःचंही असावं. मला कुणी असं कित्येक वर्षांत न्यायला आलेलं नव्हतं, आणि आपल्याला ते हवं आहे हेही मी विसरून गेले होते.

जाताना अक्कांनी रिक्षातून ओरडून सांगितलं होतं, ‘बाळंतिणीला दूध दे. गार नको.’ मी कोमट करून देत राहिले.

अक्का बरेच दिवस राहणार होत्या. आखाजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी फाटक वाजलं. लेक माहेराहून निघाली की पोचवायला माणूस असतो, हातात सांजोऱ्यांचा डबा असतो. डबा होता. माणूस नव्हतं.

त्यांनी आधी गाडीच्या काचेतून पिल्लं पाहिली. मग पायरीवर बसल्या. मी माठातलं पाणी आणून दिलं. ते त्यांनी सावकाश, सगळं प्यायलं.

‘फाट्यावर उतरलो,’ त्या सांगायला लागल्या. ‘तिथून चालत गेलो. दारात सगळे उभे. भावजय, पुतण्या, शेजारच्या बाया. मला वाटलं, माझ्यासाठी उभे आहेत. मी हसले. पण माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं गं. बठ्ठा मना मांगे देखी राहिंतात, पाठीमागच्या रस्त्याकडे.’

‘गाडी,’ मी म्हटलं.

‘गाडी.’

आखाजीच्या मुहूर्तावर पुतण्याचा साखरपुडा ठरला होता, मुलीच्या गावी. मुलीकडच्यांना सांगून ठेवलं होतं की घरची गाडी आहे, आत्याची म्हणजे आमचीच. फोटोही दाखवले होते. बापूंनी हे सगळं येष्टीत, पारोळ्याच्या पुढे, खिडकीतून बाहेर बघत बहिणीला सांगितलं. मग काय करणार, सकाळी भाड्याची जीप बोलावली.

‘पण तुम्ही गेलात ना साखरपुड्याला? सख्खी आत्या तुम्ही.’

‘जीपमध्ये जागा नव्हती. बापू म्हणे, अक्का, जागा नही शे, काय करू?’

जागा नाही म्हटल्यावर अक्का काय करतील, हे मला सांगायला नको होतं. दुसरी जीप उभी करतील. कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसतील. फाट्यावर जाऊन येष्टीला हात करतील आणि जीपच्या आधी मुलीच्या दारात पोचतील.

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘म्हटलं, असू दे. जा तुम्ही.’

हे वाक्य आम्ही सगळ्या जन्मभर म्हणत आलो आहोत. माझी आई म्हणायची, मी म्हणते. अक्कांच्या तोंडून ते ऐकवेना. मला एकाएकी संताप आला. बापूंचा आला होता, पण समोर त्या होत्या, म्हणून त्यांच्यावरच निघाला. ‘अक्का, इतकी वर्षं तुम्हाला कळत नव्हतं का? ते नुसती निमित्तं सांगत होते. ट्रॅक्टर काय, कंबर काय, गाडी काय. सगळ्या गल्लीला कळत होतं!’

अक्का रागावल्या नाहीत. वाकून बुटावरची धूळ झटकत राहिल्या. खूप थकलेल्या दिसत होत्या.

‘कळत होतं गं,’ त्या म्हणाल्या. ‘पण निमित्ताला निमित्त म्हटलं की तिथंच संपतं सगळं. खरं मानलं तर माणसाला कधी ना कधी यावं लागतं.’ मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ‘उना का नही बापू?’

‘आले,’ मी म्हटलं.